वाळूवर जमणारी मागची कोलांटउडी टणक जमिनीवर का जमत नाही?

जुवारीकाठ | १२ जानेवारी
नमस्कार. मी कुठ्ठाळीजवळच्या एका गावात राहतो, माझे वय २२ वर्षे आहे आणि गेले वर्षभर मी फ्रीरनिंगचा सराव करीत आहे. कठड्यांवरून उड्या, भिंतीवर चढणे आणि उंचावरून उतरल्यावर खांद्यावरून लोळण घेणे या गोष्टी मी घाई न करता शिकलो. मागची कोलांटउडी, म्हणजे बॅकफ्लिप, मात्र मला लहानपणापासून येते असे मी समजत होतो, कारण नदीच्या धक्क्यावरून आणि सांजांवच्या सणादिवशी वाड्यावरच्या विहिरीत मी ती असंख्य वेळा मारली आहे. गेल्या वर्षी तीच उडी मी समुद्रकिनाऱ्यावर मारू लागलो. पायांखाली वीतभर उंचीचा वाळूचा ढीग करून, पाठ समुद्राकडे ठेवून मी ती मारतो आणि दहापैकी नऊ वेळा पायांवर उतरतो.

तीन आठवड्यांपूर्वी गावच्या फुटबॉलच्या मैदानावर, सुकलेल्या गवतावर, मी ती प्रथमच मारली आणि दोन्ही हात व गुडघे टेकून पडलो. उजवे मनगट आठ दिवस सुजलेले होते. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. त्यानंतर मैदानावर उभा राहिलो की गुडघे वाकतात, हात मागे जातात, पण पाय जमीन सोडत नाहीत.

वाळू आणि मैदान यांच्यात नेमके काय बदलते आणि मधले अंतर कसे पार करावे, हे मला समजून घ्यायचे आहे. जवळपास जिम्नॅस्टिक्सची सोय नाही. सोबत तीन मित्र आहेत, कापसाच्या दोन जुन्या गाद्या आहेत, किनारा आहे, मैदान आहे आणि शाळेचे सिमेंटचे कोर्ट आहे. “धीर धरून मार” किंवा “सोडून दे” याहून अधिक काही कोणी सांगू शकले, तर मी ऋणी राहीन.

चिरेबंदी | १२ जानेवारी
आपण इतक्या तपशिलाने लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे होईल. तरीही तीन गोष्टी विचारतो. मित्राला बाजूने चित्रीकरण करायला सांगून ते संथ गतीने पाहिले आहे का? पाय सुटताना तुमची नजर कुठे असते? आणि वाळूवर उतरता तेव्हा ढिगापासून किती मागे उतरता?

जुवारीकाठ | १३ जानेवारी
आज वाळूवरचे चित्रीकरण केले आणि पाहून थोडा हादरलो. पाय सुटण्याआधीच माझे डोके मागे पडलेले असते आणि नजर आकाशात असते. गुडघे छातीपर्यंत येत नाहीत, मधेच कुठेतरी थांबतात. उतरतो तो ढिगापासून सुमारे तीन फूट मागे, म्हणजे ढिगाच्या खाली आणि शिवाय उताराच्या दिशेने.

चिरेबंदी | १३ जानेवारी
मग तुमचे उत्तर त्या ढिगातच आहे. मी पणजीत सहा-सात वर्षे सराव करतो आहे, आणि किनाऱ्यावर शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकात हीच गोष्ट पाहिली आहे.

थोडे गणित करू. समजा, उडी मारल्यावर तुमच्या शरीराचा गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर वर जातो. वर जायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात आणि सपाट जमिनीवर खाली यायलाही तितकेच, म्हणजे हवेत एकूण ०.५७ सेकंद मिळतात. आता वीतभर ढीग, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, पायांखाली असेल, तर खाली येताना ४० ऐवजी ६० सेंटिमीटर पडायचे असते आणि त्याला ०.३५ सेकंद लागतात. एकूण वेळ ०.६४ सेकंदांच्या आसपास जातो. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण तो एकूण वेळेच्या दहा टक्क्यांहून अधिक आहे, आणि पूर्ण फिरकीच्या दहा टक्के म्हणजे ३६ अंश. उताराने दिलेला वेळ त्यात आणखी मिळवावा लागेल. तुम्ही मैदानावर जितके कमी फिरलात आणि हात टेकलेत, ते साधारण एवढेच असावे. ढीग तुमची उणीव दर वेळी भरून काढत होता. मैदानाने ती भरली नाही.

दुसरी गोष्ट विहिरीची. पाण्यात उडी मारताना काठ पायांपासून दूर सोडायचा असतो, म्हणून शरीर आपोआप मागे झुकते आणि डोके आधी जाते. तिथे ते योग्यच आहे, नाहीतर काठाला डोके लागेल. शिवाय पाण्यात फिरकी थोडी कमी झाली काय किंवा जास्त झाली काय, फारसे बिघडत नाही. जमिनीवर मात्र आधी सरळ वर जायचे असते. डोके आधी मागे टाकले की पाठीला बाक येतो, उडीतला जोर वर जाण्याऐवजी मागे जातो, उंची घटते आणि उंचीबरोबर वेळही. म्हणून तुम्ही तीन फूट मागे उतरता. चांगल्या उडीत माणूस जवळपास निघाल्या जागी किंवा एखादे पाऊल मागे उतरतो.

तुमच्या भीतीबद्दलही एक सांगतो. मैदानावर पाय सुटत नाहीत, कारण शरीराला एकदा कळले आहे की या उडीला वेळ पुरत नाही, आणि त्याचे ते म्हणणे बरोबर आहे. उडी सुधारली की तेही ऐकेल. ती भीती दामटून बाजूला सारू नका.

दूधसागर | १४ जानेवारी
मी मडगावात अनेक वर्षे जिम्नॅस्टिक्स शिकवले आहे. चिरेबंदी यांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. फिरकीविषयी थोडी भर घालतो.

पाय जमिनीवरून सुटले की शरीरात जितका फिरण्याचा आवेग आहे तितकाच उतरेपर्यंत राहतो, हवेत तो वाढवता येत नाही. हवेत हातात असते ती एकच गोष्ट, शरीर लहान करणे. ताठ शरीराच्या तुलनेत गुडघे छातीशी घट्ट घेतलेल्या शरीराचा फिरण्याला होणारा विरोध ढोबळमानाने एक-तृतीयांश असतो, म्हणून तोच आवेग असताना शरीर कितीतरी वेगाने फिरते. तुमचे गुडघे मधेच थांबतात याचा अर्थ तुम्ही ही सवलत अर्धीच वापरता आणि ढिगाने दिलेल्या वेळेवर उरलेले काम भागवता. लक्षात ठेवा, गुडघे छातीकडे न्यायचे असतात, छाती गुडघ्यांकडे न्यायची नसते. छाती खाली आणली की फिरकी तिथेच अडते.

क्रमाविषयी माझा अनुभव सांगतो. पहिले काही दिवस फक्त उभी उडी मारावी. हात खालून वर कानांपर्यंत झपाट्याने यावेत, नजर समोरच्या झाडावर किंवा खांबावर स्थिर असावी आणि उडीच्या सर्वोच्च बिंदूपर्यंत ती तिथेच राहावी. ही उडी निघाल्या जागी उतरू लागली की त्याच उडीच्या वरच्या टोकाला गुडघे छातीशी घेऊन सोडावेत. आडव्या दांड्याला लटकून गुडघे छातीशी ओढण्याचा सराव रोज करावा. पोटाच्या स्नायूंना तो वेग माहीत नसेल, तर हवेत तो आयत्या वेळी येणार नाही.

त्यानंतर उंच गादीवर पाठ टेकण्याचा सराव हवा. कमरेइतक्या उंचीच्या मऊ गाद्यांसमोर पाठ करून उभे राहायचे, वर उडी मारायची आणि हात कानांशी ठेवून पाठीवर सपाट पडायचे. यात फिरकी नसते. “आधी वर, मग मागे” हे शरीराच्या अंगवळणी पाडायचे असते.

जुवारीकाठ | १४ जानेवारी
कमरेइतक्या उंच गाद्या माझ्याकडे नाहीत. त्याला काही पर्याय आहे का?

लालमाती | १४ जानेवारी
आहे. मी डिचोली तालुक्यातला, शेतकरी घरचा. सरद भाताची कापणी होऊन गेली आहे, तेव्हा तुमच्या गावातही कोणाच्या तरी खळ्यावर पेंढा असेलच. पेंढ्याच्या जुड्या आडव्या-उभ्या रचून, दोरीने आवळून कमरेएवढा चौथरा करा आणि वर तुमच्या दोन्ही गाद्या बांधून टाका. रचण्यापूर्वी प्रत्येक जुडी झटकून पाहा. पेंढ्यात साप असतो आणि कधीकधी कोयतीही राहून गेलेली असते. मालकाला विचारूनच घ्या.

आणखी एक सांगतो, ते कोणी अजून लिहिले नाही. मी तरुणपणी मल्लखांब केला. आमच्या हौदातली माती ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली असे, तरी वस्ताद आधी महिनाभर पडणेच शिकवत. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि हात ताठ करून मागे टेकायचे नाहीत. पुढे पडताना कोपरे थोडी वाकलेली. तुमचे मनगट सुजले ते उडी चुकली म्हणून, पण त्याहूनही ताठ हातावर सगळे वजन आले म्हणून. उडी चुकणार हे धरूनच तिच्या चुकण्याचा सराव करावा.

चिरेबंदी | १५ जानेवारी
लालमाती यांनी योग्य जागी बोट ठेवले. फ्रीरनिंग ज्यातून निघाले, त्या पार्कूरचा उगम पॅरिसजवळच्या लीस येथे डेव्हिड बेल आणि त्याच्या सोबत्यांच्या सरावातून झाला. त्यात अडथळा कमीत कमी श्रमात आणि इजा न होता पार करणे हे उद्दिष्ट होते, त्यामुळे उतरणे आणि लोळण घेणे हाच त्याचा पाया राहिला. हवेतल्या फिरक्यांना मानाचे स्थान मिळाले ते सेबॅस्टियन फुकाँने पुढे नेलेल्या फ्रीरनिंगमध्ये. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०१८ मध्ये पार्कूरला आपल्या खेळांत घेतले आणि २०२२ मध्ये टोकियोला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा वेगाच्या शर्यतीबरोबर फ्रीस्टाइलही होतीच. आज मुले फ्रीस्टाइलची चित्रफीत पाहून थेट तिथूनच सुरुवात करतात आणि लोळण शिकायची राहून जाते. तुम्ही ती आधीच शिकला आहात, ही तुमची जमेची बाजू आहे.

आता पृष्ठभागांच्या क्रमाबद्दल, कारण माझ्या मते सर्वांत मोठी चूक तिथे होते. बहुतेक जण “मऊ, मग थोडे टणक, मग टणक” असा विचार करतात आणि उडीची जागा व उतरण्याची जागा एकाच वेळी बदलतात. या दोन्ही वेगळ्या करा. कोरडी वाळू पायांखालून सरकते आणि तुमचा अर्धा जोर गिळते, म्हणून तिथे शिकलेला माणूस पाय हळूहळू रेटायला शिकतो. टणक जमीन रेटा लगेच परत देते. तिथे पाय झटक्यात सोडावा लागतो. म्हणून आधी उडीची जागा टणक करा आणि उतरण्याची जागा मऊच राहू द्या. मैदानावर उभे राहा, गादी मागे ठेवा आणि गादीवर उतरा.

इथे लक्ष देण्यासारखी बाब अशी की गादी तुमच्या ढिगाच्या नेमकी उलट वागते. दहा सेंटिमीटर जाडीच्या गादीवर उतरायचे म्हणजे जमीन तुमच्याकडे दहा सेंटिमीटर वर आलेली असते आणि वेळ कमी मिळतो. गादीवर ज्याची उडी सहज पुरते, त्याला मोकळ्या जमिनीवर वेळ शिल्लक राहतो. ढिगावर शिकलेल्याचे याच्या विरुद्ध होते.

किनारा सोडून द्यायची गरज नाही. ओहोटी असताना पाण्यालगतच्या ओल्या, दाबलेल्या वाळूवर जा, ढीग करू नका, आणि किनाऱ्याला समांतर उभे राहा, म्हणजे उताराची मदत मिळणार नाही. एक पाय वर व एक खाली पडू नये म्हणून सपाट पट्टा शोधावा लागेल.

मोगऱ्याचीवेल | १६ जानेवारी
मी हा धागा काळजीने वाचते आहे. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, नववीत शिकतो, आणि घराच्या अंगणात, चिऱ्यांच्या फरशीवर, या उड्या मारण्याचा प्रयत्न करतो. ओरडले की तो घराबाहेर जाऊन करतो, आणि ते मला अधिक भीतिदायक वाटते. मी त्याला काय सांगावे? आणि पुढची कोलांटउडी मागच्यापेक्षा सोपी असते, असे तो म्हणतो, ते खरे आहे का?

दूधसागर | १६ जानेवारी
ताई, आपण त्याला बंदी करण्याऐवजी जागा बदलायला लावा आणि अटी घाला: चिऱ्यांवर नाही, एकट्याने नाही, आणि चित्रीकरण दाखवल्याशिवाय पुढची पायरी नाही. मुलांना चित्रीकरण आवडते, त्यामुळे ही अट ते आनंदाने पाळतात.

पुढची उडी मनाला सोपी वाटते, कारण आपण पुढे पाहत असतो. पण उतरताना तिच्यात जमीन दिसत नाही, पाय आंधळेपणाने टाकावे लागतात, आणि कमी फिरले तर माणूस टाचांवर किंवा माकडहाडावर बसतो. मागच्या उडीत सुरुवात अवघड, पण उत्तरार्धात जमीन डोळ्यांसमोर येते आणि पाय कुठे पडतील ते कळते. कमी फिरले तर बहुधा हात-गुडघे टेकतात. मात्र मागची उडी मध्येच सोडली, म्हणजे घाबरून हवेत अंग उघडले, तर मानेवर पडण्याचा धोका असतो. म्हणून तिच्यात अर्धवट प्रयत्न नसतो. मारायची तर पूर्ण, नाहीतर पाय जमिनीवरच ठेवायचे.

अंत्रुजकन्या | १७ जानेवारी
मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ताईंना आणि धागाकर्त्यांना दोघांनाही उद्देशून लिहिते.

वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात आणि तिथे स्नायूबंधांचा ताण जाणवतो. टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखू लागला, तर “वाढीचे दुखणे” म्हणून त्यावरून उड्या मारत राहू नये. काही आठवडे उड्या थांबवून तपासून घ्यावे.

उतरण्याविषयी एक हिशेब पाहा. गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर खाली आला आणि तुम्ही गुडघे जवळजवळ ताठ ठेवून १० सेंटिमीटरच्या आत थांबलात, तर पायांवर सरासरी वजनाच्या पाचपट बल येते. तेच घोटे, गुडघे आणि खुबे वाकवून ३० सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर ते अडीचपटीहूनही कमी होते. ६० किलोच्या मुलासाठी हा फरक ३०० किलो आणि १४० किलो एवढा आहे, आणि ही केवळ सरासरी आहे, क्षणिक कमाल त्याहून अधिक असते. पायाचा पुढचा भाग आधी टेकावा, मग टाच, आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत वाकावेत. आत वळणारा गुडघा हीच माझ्याकडे येणाऱ्या तरुणांची सर्वांत जुनी तक्रार आहे. वाळूने हे काम तुमच्यासाठी केले होते, आता ते पायांना शिकवावे लागेल. रोज एका पायावर उभे राहून टाच वर-खाली करणे आणि ओट्यावरून संथपणे उतरणे, एवढ्याने सुरुवात होते.

मनगटाबद्दल: सूज उतरली म्हणजे ते बरे झाले असे नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर अजून दुखत असेल, तर पुन्हा दाखवा, कारण तिथल्या लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही.

डोके आपटले आणि त्यानंतर चक्कर, मळमळ, गोंधळ किंवा धूसर दिसणे यांपैकी काहीही झाले, तर त्या दिवशी सराव संपला, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पुन्हा सुरू करायचा नाही. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर पडलेल्याला उचलून बसवू नका, हलवू नका, आणि १०८ वर फोन करा. हे तिन्ही मित्रांना आधीच सांगून ठेवा. मदतीच्या भरात ओढून उठवणारे हात मला सर्वाधिक काळजीत टाकतात.

जुवारीकाठ | १७ जानेवारी
तुम्ही सांगितलेल्या खळग्यात दाबून पाहिले, किंचित दुखते. उद्याच पुन्हा दाखवतो.

जुवारीकाठ | २४ फेब्रुवारी
सर्वांना मनापासून धन्यवाद. मनगटाच्या दुसऱ्या एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन आठवडे हातांवर भार दिला नाही. त्या काळात उभी उडी, दांड्यावर गुडघे ओढणे आणि उतरण्याचा सराव एवढेच केले. शेजारच्या काकांनी पेंढा दिला, त्याचा चौथरा केला. त्यावर पाठीवर पडण्याचा सराव पहिल्या दिवशी मला जमला नाही, कारण प्रत्येक वेळी डोके आधी जात होते. शेवटी मित्राला समोर उभे करून बोटे दाखवायला सांगितली आणि उडीच्या वरच्या टोकाला ती मोजायची असे ठरवले. बोटे मोजायची तर डोके मागे टाकता येत नाही. चार दिवसांत सवय बदलली.

मग दोन मित्र दोन्ही बाजूंना, प्रत्येकाचा एक हात माझ्या कमरेमागे आणि दुसरा मांडीमागे, अशा आधाराने गवतावरून गादीवर उतरलो. पहिल्यांदा त्यांनी मला अक्षरशः उचलून फिरवले. आठव्या दिवशी एक जण म्हणाला की त्याच्या हाताला वजनच लागले नाही. त्यानंतरही काही दिवस आम्ही हात काढले नाहीत, फक्त जवळ ठेवले. काल सकाळी गादी काढली आणि गवतावर पाच वेळा मारली, पाचही वेळा पायांवर उतरलो. चौथ्या वेळी छाती खाली आली होती, म्हणून पाचवीनंतर थांबलो.

दोन प्रश्न उरले आहेत. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर केव्हा जावे? आणि अनवाणी मारावी की बूट घालून?

चिरेबंदी | २४ फेब्रुवारी
पाचवीनंतर थांबलात, हे वाचून मला तुमच्या उडीपेक्षाही अधिक आनंद झाला.

सिमेंटची घाई नको. गवतावर वेगवेगळ्या दिवशी, थकलेले नसताना, एकही उतरणे छाती खाली न जाता जमू लागले की आधी कोर्टवरून उडी आणि गादीवर उतरणे, हाच क्रम पुन्हा करा. तिथे दिवसाला चार-पाचच माराव्यात. बूट पातळ आणि सपाट तळव्याचे घ्यावेत. धावण्याच्या बुटांचा जाड फोम टाचेखाली दबतो आणि वाळूसारखाच जोर खातो. गवतावर अनवाणी चालेल, पण आधी काचा आणि खडे वेचून घ्या. फुटबॉलचे बूट कधीही नकोत, त्यांचे खिळे पाय जमिनीत अडकवतात आणि गुडघा पिळतो.

पावसाळ्याचा विचार आताच करून ठेवा. जूनपासून कोर्टवर आणि चिऱ्यांवर शेवाळ धरते, ते उन्हात सुकल्यासारखे दिसले तरी खालून निसरडे असते.

लालमाती | २५ फेब्रुवारी
पावसाळ्यात आमच्याकडे या. गोठ्यामागे पत्र्याची शेड आहे, जमीन मातीची आहे, आणि पेंढा भरपूर आहे. ताईंच्या मुलालाही आणा, त्यांची हरकत नसेल तर.

मोगऱ्याचीवेल | २५ फेब्रुवारी
हरकत नाही, पण पहिल्या दिवशी मी सोबत येईन. तो सध्या अंगणात फक्त उभी उडी मारतो आणि मी समोर उभी राहून बोटे दाखवते.